ठसा

अरियारिया बाजारात, जोडेवाल्यांच्या गल्लीत
आमच्या बापाचं दुकान. वर पत्रा,
पत्र्यावर जुने टायर, वाऱ्यानं तो उडू नये म्हणून.
चामडं आमचं, टाके आमचे, सोल्युशनच्या वासानं
दुखणारं डोकंही आमचंच.
आणि सगळं झालं की आतल्या तळव्यावर तापलेला ठसा:
मेड इन इटली.
‘नाहीतर घेतो कोण?’ बाप म्हणायचा.

ठसा मी दाबायचो. जोडा सरळ धरायची न्वाकाएगो,
वय वर्षं सात.
न्वाकाएगो म्हणजे पैशापेक्षा पोर मोठं.
आईनं हे नाव ठेवलं तेव्हा
घरात पैसा नव्हताच,
त्यामुळे तुलना सोपी होती.

एकदा तिनं विचारलं, इटली बघितलीय कुणी?
अख्ख्या गल्लीत कुणीच नव्हती.
मग ती स्वतःच उठली,
कुणा गिऱ्हाइकाचे उंच टाचांचे जोडे चढवले
आणि चालून दाखवली इटली.
मान अशी, मनगट असं,
गटाराच्या पाण्यावरून गेली ती
जणू गटार हा शब्दच तिला माहीत नाही.
ओक्वुदिली हसता हसता सोल्युशनच्या डब्यावर बसला,
चिकटला.
बाप हसला नाही. म्हणाला, टाच झिजेल, काढ.

सतराव्या वर्षी नायजर नदीचा पूल ओलांडून
ती असाबाला गेली. तिथं आठ दिवसांत सिनेमा व्हायचा.
पहिल्या कामात ती मयताला रडली, पाठमोरी.
मजुरी: एक वेळचा भात आणि परतीचं भाडं.
न्हाव्याच्या दुकानात आम्ही सीडी लावली,
आई प्रत्येक चेहरा बोटानं तपासत होती.
बाप मागून म्हणाला, ती बघ, तिसरी.
डावा पाय बाहेर टाकते.

मग लागोस.
तिथं एका बाईनं फी घेऊन, तीन महिने,
तिच्या इंग्रजीतलं आमचं अबा शहर खरवडून काढलं.
निर्माता म्हणाला, नाव पोस्टरवर मावत नाही.
कापलं. उरलं नुसतं एगो.
एगो म्हणजे पैसा.
फोनवर हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती,
मग म्हणाली, जेवलीस का?

त्यानंतरचं सगळं तुम्हाला माहीत असेल.
बँकवाल्याची बायको झाली ती, मग बँकवालीच झाली,
मॉलमधल्या थंडगार पडद्यावर तीन आठवडे,
मग नऊ.
पेपरात आलं: एगोनं आपला ठसा उमटवला.
मी वाचून दाखवलं.
बापानं आरी खाली ठेवली. ‘कसला ठसा?’

नंतर एका रात्री तिचा फोन.
मोठा समारंभ आहे, जोडे हवेत, एकोणचाळीस नंबर,
आणि बाबांना सांग,
आत काही मारू नका.

बापानं अकरा रात्री घेतल्या.
उसवलं, पुन्हा शिवलं, जिभेनं दोरा ओला करत राहिला.
शेवटच्या रात्री ठसा तापवलाच त्यानं, सवयीनं,
तापवून धरून बसला, निवेपर्यंत.
पहाटे म्हणाला, उघडं वाटतंय रे.
जसं पोर न्हाऊ घालून
कपड्याविना बाहेर पाठवावं.
मी खोका बांधला,
लागोसच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी ठेवला.

समारंभ टीव्हीवर होता. गल्ली जमली होती,
ओक्वुदिलीनं जनरेटर आणला, तेल अर्धंच होतं.
लाल गालिच्यावर ती आली. दिवे. माईक.
कुणीतरी वाकून विचारलं,
किती सुंदर जोडे, कुठले हे?
तिनं खाली बघितलं.
तोंड उघडलं.

आणि जनरेटर बसला.

अंधारात सगळे ओक्वुदिलीला शिव्या देत होते.
कुणी म्हणे, ती अबा म्हणाली, ओठ बंद होताना दिसले.
कुणी म्हणे, छे, इटली, दात दिसले.
वर्ष झालं, अजून भांडण मिटलेलं नाही,
आणि तिला विचारायला आमच्यात कुणी धजत नाही.

बाप तेव्हा आत होता, काडेपेटी शोधत.
म्हणाला, चालताना बघितलंस का तू?
बघितलं.
डावा पाय?
बाहेर.
हं, म्हणाला. म्हणजे कुठे चावत नाहीये.